मनाचा कल मोजताना : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मद्यपान

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील प्राचीन क्षेत्र होय. देवळे, तलाव, पितळी समया आणि विड्याची पाने ह्यांसाठी ते जसे प्रसिद्ध आहे, तसेच विद्येसाठीही. मराठी वाचकाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत चालली आणि तिच्या आश्रयाने आलेली मराठी घराणी ह्या मुलखात कायमची रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. कावेरीच्या काठी असलेल्या तेथील शासकीय महाविद्यालयाचे मूळ १८५४ साली निघालेल्या शाळेत आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन ह्यांनी १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून प्रवेश घेतला, तो ह्याच महाविद्यालयात. आज ह्या गावात मुलींचे शासकीय महाविद्यालय आहे, रामानुजन ह्यांच्या नावाचे उच्च शिक्षणाचे केंद्र आहे, आणि आसपासच्या खेड्यांतून शेकडो मुलेमुली शिकावयास येथे येतात.

अशा विद्येच्या गावी मुलाला पाठविताना आईबापांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांतील एक बहुधा उघडपणे विचारला जात नाही. आपला मुलगा दारूच्या वाटेला तर जाणार नाही ना? हा प्रश्न कुंभकोणमचा आहे तसाच पुण्याचा, नागपूरचा आणि पणजीचाही आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो : दारूविषयी विद्यार्थ्यांना खरोखर काय वाटते? आणि जे वाटते ते मोजता येईल काय?

एक महाविद्यालय, अनेक कायदे

कायदा पाहून लोकांच्या मनाचा अंदाज बांधावा, तर कुंभकोणमच्या बाबतीत तो पार चुकेल. चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. १९४८ मध्ये ती सबंध मद्रास प्रांतास लागू झाली. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदी हे राज्यांपुढील एक ध्येय म्हणून मांडले. १९७१ मध्ये तमिळनाडू सरकारने ही बंदी स्थगित केली आणि १९७४ मध्ये ती पुन्हा अमलात आणली. १९८१ मध्ये ती पुन्हा उठली. १९८३ मध्ये मद्याच्या घाऊक व्यापारासाठी राज्य विपणन महामंडळ स्थापन झाले. लोक त्यास ‘टास्मॅक’ ह्या आद्याक्षरांच्या नावाने ओळखतात. २००३ च्या अखेरीस किरकोळ विक्रीही ह्याच महामंडळाकडे आली.

म्हणजे कावेरीकाठच्या त्याच वर्गात १९५५ साली बसलेल्या विद्यार्थ्याला दारू हा गुन्हा होता; १९७२ साली बसलेल्याला तो उघड व्यवहार होता; १९७५ साली पुन्हा गुन्हा होता. २०२४ मध्ये प्रवेश घेणारा अठरा वर्षांचा मुलगा जन्मला, तेव्हा दारूची दुकाने सरकारी होऊन दोन-तीन वर्षे लोटली होती. आजोबा, बाप आणि नातू हे एकाच महाविद्यालयात शिकले असतील, तर तिघांच्या तारुण्यात कायद्याची तीन रूपे होती.

महाराष्ट्राचा अनुभवही वेगळा नाही. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने आलेली दारूबंदी पुढे सैल झाली. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. शिवाय कायद्याने दुकान उघडे ठेवले म्हणून चोरटी दारू थांबत नाही. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कळ्ळकुरिची येथे मेथॅनॉल मिसळलेल्या चोरट्या दारूने साठांहून अधिक माणसे दगावली, ती राज्यात सरकारी दुकाने चालू असतानाच.

कायदा बदलला की तरुणांचे मन बदलते काय? बदलले तर किती आणि कोणत्या दिशेने? ह्याचे उत्तर राजपत्रात सापडणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्यालाच विचारले पाहिजे. परंतु विचारण्याचीही एक विद्या आहे.

मनाला पट्टी लावणारे शास्त्रज्ञ

एखाद्या गोष्टीकडे अनुकूल किंवा प्रतिकूल नजरेने पाहण्याचा मनाचा जो टिकाऊ कल असतो, त्याला मानसशास्त्रात ‘अभिवृत्ती’ म्हणतात. असा कल मोजता येतो, हे शिकागोचे प्राध्यापक एल. एल. थर्स्टन ह्यांनी १९२८ मध्ये आग्रहाने मांडले. त्यांची रीत कष्टाची, पण समजावयास सोपी आहे. प्रथम त्या विषयावरील पुष्कळ विधाने गोळा करावयाची. मग ती परीक्षकांच्या एका मोठ्या गटापुढे ठेवावयाची आणि अत्यंत प्रतिकूल विधानांपासून अत्यंत अनुकूल विधानांपर्यंत त्यांचे अकरा ढीग करावयास सांगावयाचे. परीक्षकाचे स्वतःचे मत येथे विचारले जात नाही. विधान किती कडू वा किती गोड आहे, एवढेच त्याने ठरवावयाचे. ज्या विधानावर परीक्षकांचे एकमत होत नाही ते टाकून दिले जाते. उरलेल्यांची पट्टी तयार होते. त्या काळी अमेरिकेत दारूबंदीचा वाद ऐन भरात होता. साहजिकच थर्स्टन ह्यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजपट्ट्यांत दारूबंदीविषयीचीही एक होती.

१९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट ह्यांनी परीक्षकांचा खटाटोप वगळून अधिक सोपी वाट काढली. प्रत्येक विधानापुढे पाच उत्तरे ठेवावयाची : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. प्रत्येक उत्तरास एक ते पाच गुण द्यावयाचे आणि शेवटी बेरीज करावयाची. आज जगभर विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या ह्याच रीतीच्या असतात.

एखाद्या प्राध्यापकाने कुंभकोणममध्ये अशी पट्टी तयार करावयाचे मनात आणले, तर तिच्यात पुढील तऱ्हेची विधाने येऊ शकतील :

लग्नकार्यात मित्रांनी आग्रह केला, तर एक प्याला घेण्यात वावगे काही नाही.

परीक्षा संपल्याचा आनंद दारूवाचूनही तितकाच साजरा होतो.

दारू पिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. इतरांनी त्यात पडू नये.

दारू पिणाऱ्या मुलाबरोबर एका खोलीत राहणे मला आवडणार नाही.

माझ्या धाकट्या भावाने दारूची चव घेतली, तर मला वाईट वाटेल.

वाचकाच्या ध्यानात येईल की, ह्यांतील काही विधाने मद्याला अनुकूल आहेत आणि काही प्रतिकूल. हे मुद्दाम केलेले असते. पुढे येईल त्या प्रत्येक वाक्याला मान डोलविण्याची अनेकांना सवय असते. सर्वच विधाने एका बाजूची असली, तर त्या सवयीलाच आपण मत समजून बसू. म्हणून निम्मी विधाने उलट्या बाजूची ठेवून त्यांचे गुण उलटे मोजतात.

तरीही केवळ बेरजेवर विसंबणे बरे नव्हे. वीस विधानांच्या पट्टीत किमान वीस आणि कमाल शंभर गुण पडतात. साठ हा मध्य. परंतु साठ गुण दोन प्रकारांनी पडू शकतात. एक विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी ‘सांगता येत नाही’ म्हणतो. दुसरा दहा विधानांवर एका टोकाला जातो आणि दहांवर दुसऱ्या टोकाला. पहिल्याने ह्या विषयाचा विचारच केलेला नाही. दुसऱ्याच्या मनात झगडा चालू आहे. दोघांचा आकडा एक, पण दोघांशी बोलावयाचे ते मात्र वेगवेगळे. म्हणून चांगला अभ्यासक बेरजेबरोबरच उत्तरांची ठेवणही पाहतो.

शब्दांची पारख

प्रश्नावलीचे यश बरेचसे शब्दांवर अवलंबून असते. परदेशात झालेली पट्टी नुसती भाषांतरून घेतली की भागत नाही. तमिळ भाषेत ‘कुडि’ ह्या शब्दाचा एक अर्थ ‘पिणे’, तर दुसरा अर्थ ‘कुटुंब’ असा आहे. त्यावरून ‘कुडि कुडियै केडुक्कुम्’, म्हणजे पिणे कुळाला बुडविते, अशी म्हणच पडली आहे. मराठीतही ‘पिणे’ म्हणजे नुसते पाणी पिणे नव्हे, हे संदर्भावरून आपण जाणतोच. शिवाय ताडी, गावठी, बिअर आणि विलायती ह्या चारींविषयी एकाच विद्यार्थ्याची मते चार असू शकतात. ‘दारू’ ह्या एका शब्दात त्या सर्व कोंबल्या, तर उत्तर कशाचे आले हे कळणार नाही.

तमिळनाडूत मद्याच्या दुकानावर ‘मद्य देशाला, घराला आणि जीवाला घातक आहे’ ह्या अर्थाचा फलक असतो. इशारा म्हणून तो योग्यच आहे. परंतु मोजपट्टीतील विधान म्हणून तो उपयोगाचा नाही, कारण त्यात तीन विधाने एकत्र बांधलेली आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला ते जीवाला घातक वाटत असेल. मात्र मद्याच्या करातून सरकारला पैसा मिळतो म्हणून ते देशाला घातक वाटत नसेल. त्याने ‘सहमत’वर खूण करावी की ‘असहमत’वर? एका वाक्यात एकच गोष्ट, हा पट्टी करणाऱ्याचा पहिला नियम आहे.

खरे उत्तर का मिळत नाही

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. तमिळ मुलगा शाळेपासून तिरुक्कुरळ शिकतो. त्या ग्रंथाचा ९३ वा अध्याय सबंध मद्यनिषेधावर आहे. मराठी मुलाला राम गणेश गडकऱ्यांचे १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ ठाऊक असते. म्हणजे ‘योग्य उत्तर’ कोणते, हे दोघांनाही आधीच पाठ आहे. त्यात प्रश्नावली वाटणारे वर्गाचे प्राध्यापकच असले आणि वर हजेरी क्रमांक लिहावयाचा असला, तर विद्यार्थी मनातले लिहील की पाठ केलेले?

शिवाय कायद्याची भीती असतेच. तमिळनाडूत २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकण्यास मनाई आहे; महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ही मर्यादा २५ वर्षांची आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘तू पितोस काय?’ असे विचारणे म्हणजे त्याच्याकडून नियमभंगाची कबुलीच मागणे होय.

ह्यावर शास्त्रज्ञांनी काही तोडगे शोधले आहेत. नाव न लिहिता उत्तरपत्रिका बंद पेटीत टाकणे हा सर्वांत साधा. त्याहून मौजेचा तोडगा स्टॅन्ले वॉर्नर ह्यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून निघाला. त्याचे एक सोपे रूप असे. प्रत्येक विद्यार्थ्याने कोणास न दाखविता नाणे उडवावे. काटा पडला, तर प्रश्न काहीही असो, ‘होय’ लिहावे. छापा पडला, तर खरे उत्तर लिहावे. समजा, २०० विद्यार्थ्यांपैकी १३० जणांनी ‘होय’ लिहिले. नाण्याच्या नियमाने सुमारे १०० जणांना काटा पडला असणार. त्यांचे ‘होय’ वजा केले की ३० उरतात. म्हणजे खरे उत्तर देणाऱ्या सुमारे शंभरांपैकी तीस जणांचे उत्तर ‘होय’ आहे. एखाद्या विशिष्ट मुलाचे ‘होय’ खरे की नाण्याचे, हे कोणालाच कळत नाही. परंतु साऱ्या वर्गाचे प्रमाण मात्र अदमासाने कळते. व्यक्तीची लाज राखून समुदायाचे सत्य काढणारी ही युक्ती रामानुजनांच्या गावातील मुलांना खचितच आवडेल.

बोलणे आणि वागणे ह्यांतील अंतरही विसरून चालणार नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर ह्यांनी एका चिनी जोडप्यासह दूरवर प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी मोठा पूर्वग्रह होता. तरी २५१ हॉटेले व उपाहारगृहे ह्यांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे पत्राने विचारले असता उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाइकांना आपण घेणार नाही, असे कळविले. हा वृत्तान्त १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर मनुष्य एक असतो आणि दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यापुढे दुसरा. दारूच्या बाबतीत बहुधा ह्याच्या उलट घडते : कागदावर कडक असलेला मुलगा मित्रांच्या घोळक्यात मऊ पडतो. म्हणून ‘दारूविषयी तुमचे मत काय?’ ह्यापेक्षा ‘स्नेहसंमेलनाच्या रात्री जवळच्या मित्राने प्याला पुढे केला, तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न पुढील वर्तन अधिक चांगले सांगतो. प्रश्न प्रसंगाच्या जितका जवळ, तितके उत्तर भरवशाचे.

सर्वांना वाटते की सर्व पितात

ह्या साऱ्या मोजमापातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक गैरसमज होय. प्रिन्स्टन विद्यापीठातील डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर ह्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. येथील मद्यपानाच्या चालीविषयी तुम्हांला स्वतःला कितपत बरे वाटते? आणि येथील सामान्य विद्यार्थ्याला कितपत बरे वाटत असेल? बहुतेकांनी स्वतःपेक्षा इतरांना ती चाल अधिक पसंत असावी, असे उत्तर दिले. आता, प्रत्येकालाच इतर सर्व आपल्याहून अधिक अनुकूल वाटत असतील, तर सगळ्यांचे अंदाज एकदम खरे असणे शक्य नाही. प्रत्येक जण मनातून कचरत होता आणि तो एकटाच कचरतो आहे, अशी प्रत्येकाची समजूत होती.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासाचा पुढील भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. सत्राच्या सुरुवातीस आणि शेवटी अशी दोनदा मोजणी केली असता, मुलांची स्वतःची मते त्या काल्पनिक ‘सामान्य विद्यार्थ्या’च्या दिशेने सरकलेली आढळली, मुलींची तशी सरकली नव्हती. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या बहुमताने खऱ्या मतांना आपल्याकडे ओढून घेतले. गडकऱ्यांच्या नाटकातील तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ हसवीत हसवीत हेच दाखविते : दारूपेक्षा मंडळीचा मोह मोठा असतो.

१९९८ मध्ये श्रोडर आणि प्रेंटिस ह्यांनी ह्या गैरसमजावरील उपायाची परीक्षा घेतली. नव्या विद्यार्थ्यांच्या काही गटांना ही मोजणी समजावून देऊन तिच्यावर मोकळी चर्चा करू दिली. इतर गटांशी केवळ ‘जबाबदारीने निर्णय घ्या’ अशा धर्तीची चर्चा केली. काही महिन्यांनी पहिल्या गटांतील मुले दुसऱ्यांपेक्षा कमी पीत असल्याचे आढळले.

अमेरिकेतील निष्कर्ष कुंभकोणमला जसाच्या तसा लावू नये, हे खरे. तेथे पिणारे विद्यार्थी अधिक. आपल्याकडे चित्र निराळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील भारतीय पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्य घेतात. तमिळनाडूत हे प्रमाण सुमारे २५ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के आहे. दोन्ही राज्यांत स्त्रियांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून मुले आणि मुली ह्यांची सरासरी एकत्र काढणाऱ्या अभ्यासकाच्या हाती कोणाचेच खरे चित्र लागणार नाही. परंतु ह्याच आकड्यांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. तमिळनाडूत चार पुरुषांपैकी सुमारे तीन मद्य घेत नाहीत. तरीही खेड्यातून वसतिगृहात आलेल्या मुलाला हे तिघे दिसत नाहीत. न पिणाऱ्याची बैठक नसते आणि त्याच्या किश्शांना मेसमध्ये श्रोते मिळत नाहीत. जो पितो तोच दिसतो, आणि दिसतो तोच सर्वांचा प्रतिनिधी ठरतो.

घरातील मोजपट्टी

ह्यातून महाविद्यालयांना घेण्यासारखा धडा उघड आहे. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांची नाव न विचारता मोजणी करावी आणि निष्कर्ष कपाटात न ठेवता त्यांच्याच पुढे मांडावा. ‘तुमच्यापैकी इतक्यांना पिणे पसंत नाही’ हे वाक्य त्यांच्याच उत्तरांतून आलेले असले, म्हणजे त्याला उपदेशाचा वास येत नाही. मात्र आकडा खरा असला पाहिजे. पिणाऱ्यांची संख्या फुगवून भीती घालणे हे तर दुहेरी नुकसानीचे. कारण त्यामुळे ‘सर्वच पितात’ ही समजूत अधिक घट्ट होते.

आईबापांनाही ह्यातून काही उचलता येईल. सुटीत घरी आलेल्या मुलाला ‘तू घेत तर नाहीस ना?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी त्याच्या वर्गातील किती मुले पीत असावीत, असे त्याला वाटते ते विचारावे. आग्रह झाला तर नकार कसा देता येईल, ह्यावर बोलावे. नकाराचे शब्द आधीच जिभेवर बसलेले असले, तर वेळेवर ते सुचतात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ते त्याला शांतपणे सांगावे. वडील स्वतः घेत असतील, तर मुलाने आपली पट्टी फार पूर्वीच त्यांच्यावरून आखलेली असते, ह्याचाही विचार करावा. आणि मुलाने खरोखरच घेतल्याचे कबूल केले, तर त्या कबुलीची शिक्षा त्याला होऊ नये. नाहीतर पुढील उत्तर खोटे येईल.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या मनात पुष्कळदा घराची शिकवण शाबूत असते. ती आपल्या एकट्याचीच आहे, ह्या समजुतीने तो डळमळतो. शेजारच्या खाटेवरील मुलालाही तसेच वाटते, एवढे त्याला वेळीच कळले, तर पुढे आलेला प्याला परत करण्याचे बळ त्याच्या अंगी येते. विद्यार्थ्यांच्या मनाची मोजणी करावयाची ती एवढ्याचसाठी.